सहाची बॅटरी बारावर

सहा व्होल्टच्या बॅटरीला बारा व्होल्ट दिले की ती लगेच फुटत नाही. आधी गुणगुणते. मग आधणासारखी खदखदते. मग वास सुटतो, सडक्या अंड्याचा. तोवर आत कोंडलेल्या गॅसला एक ठिणगी पुरते, आणि ती कुठून येईल हे बॅटरी कुणाला विचारत नाही.

मला तो वास शेडच्या दाराबाहेर आला. दुपारची वेळ होती. माझ्या हातात ओल्या कपड्यांची बादली होती, कारण या घरात सोल्डरिंग करणाऱ्या बाईला कपडे वाळत घालण्यातून सुट्टी मिळत नाही. बादली मी तिथंच ठेवली आणि दाराला कान लावला.

खदखद चालू होती.

शेड सासऱ्यांची. तिथे बागेतले जुने ट्रॅक्टर येतात. शेतातले नव्हेत. एका माणसाची सीट, गुडघ्याला लागतील एवढी चाकं, पोटाखाली गवत कापायचं पातं. मोठ्या बंगल्यांतले लोक असली यंत्रं हौसेनं बाळगतात. वायरी उंदरांनी कुरतडल्या, बॅटरी मेली, की आमच्याकडे आणतात. इंजिन माझा नवरा बघतो. वायरिंग आणि बॅटऱ्या सासरे बघतात. म्हणजे बाहेर लावलेल्या पाटीवर तसं लिहिलंय. खरं सांगायचं तर सासरे दुपारी दार लावून जे जोडतात, ते मी संध्याकाळी उलगडते आणि पुन्हा जोडते. हेडलाइटची वायर स्टार्टरला, स्टार्टरची हॉर्नला. घरात सगळे म्हणत, बाबांचं डोकं आता चालत नाही. मीही म्हणत असे.

दार आतून बंद होतं. ते रोजच असतं. दार बंद करून ते सिगारेट ओढतात. डॉक्टरांनी बंद केली, सासूबाईंनी शपथ घालून बंद केली, आणि सासऱ्यांनी ती शेडमध्ये चालू ठेवली. हे मला माहीत होतं कारण केर मी काढते.

त्या क्षणी दाराच्या फटीतून दोन वास येत होते. एक अंड्याचा, एक तंबाखूचा.

"बाबा, दार उघडा."

"कशाला?"

"वास येतोय."

"तुला सगळीकडे वासच येतो. स्वयंपाकघरात बघ, काहीतरी लागलं असेल."

मागच्या आजारपणात त्यांचं नाक गेलंय. त्यांच्या पुढ्यात काहीही सडलं तरी त्यांना कळत नाही, आणि कळत नाही हेही ते मान्य करत नाहीत.

"बॅटरी कुठली लावलीय चार्जिंगला?"

"बंगलेवाल्या बाईंची. सहाची."

"आणि चार्जर कितीवर आहे?"

"सहावर. परीक्षा घेतेस का माझी?"

"एकदा बघून सांगता?"

आत चप्पल सरकल्याचा आवाज झाला. मग थांबला. "बघितलं. सहावर आहे."

सहावर असलेली सहाची बॅटरी अशी खदखदत नाही. मी म्हटलं, "पहिल्या खटक्यावर आहे का?"

"पहिला म्हणजे सहा, दुसरा म्हणजे बारा. इतकी वर्षं या घरात राहून एवढंही कळत नाही तुला?"

मला नवा चार्जर आठवला.

आमचा जुना चार्जर तसाच होता. पहिला खटका सहा, दुसरा बारा. सासरे त्याच्याकडे न बघता मूठ फिरवायचे आणि कानानं मोजायचे. तो जळला. दिरानं नवा आणला, स्वस्तातला, आणि त्याचे खटके उलटे. पहिला बारा, दुसरा सहा. आणला त्याच दिवशी मी दिराला म्हटलं होतं, "भावजी, बाबांना सांगा हं, हा उलटा आहे." मी स्वतः सांगितलं नाही, कारण मी सांगितलेलं ते मुद्दाम ऐकत नाहीत. दीर म्हणाला होता, "वहिनी, त्याच्यावर अंगठ्याएवढे आकडे छापलेत. बाबा काय आंधळे आहेत का?"

"बाबा, कशाला हात लावू नका. नुसते या आणि दार उघडा."

"एका क्षणाला हात लावू नका, दुसऱ्या क्षणाला दार उघडा."

ते निघाले. चपला फरफटत दाराकडे येऊ लागल्या, आणि मला आठवलं की बॅटरी कुठे आहे. चार्जरची वायर आखूड. प्लग दाराजवळ. म्हणजे बॅटरी दाराला लागून असलेल्या स्टुलावर, बरोब्बर कडीच्या खाली. कडी गंजलेली. ती काढायला ते हातोडी घेतात आणि खालून ठोकतात. लोखंडावर लोखंड, तोंडात सिगारेट, आणि पोटाखाली खदखदणारी बॅटरी.

"थांबा! येऊ नका!"

"वेड लागलंय का तुला?"

"तिथंच थांबा! पाऊल टाकू नका!"

मी एवढ्या जोरात ओरडले की घरातून दीर आणि सासूबाई दोघं धावत आले. दिराच्या हातात रिमोट होता. सासूबाईंच्या पायात चप्पल नव्हती.

"काय झालं वहिनी?"

मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. चार्जर बारावर आहे, बॅटरी सहाची आहे, शेड गॅसनं भरलीय. दिराचा एक गुण आहे, घाबरला की तो पळत नाही, काहीतरी करून टाकतो. तो ओट्यावरच्या मेन स्विचकडे वळला. "मेन खाली करतो. चार्जर बंद, विषय संपला."

मी त्याचा शर्ट धरला. बटण तुटलं.

"मेन खाली केला तर दिवा जाईल."

"जाऊ दे की! दिव्याचं काय घेऊन बसलात?"

"आत एकच खिडकी. तुम्हीच फळी मारलीय तिच्यावर. दुपारी दोन वाजता आत मध्यरात्र होईल. अंधार झाला की बाबा काय करतील?"

"काय करतील?"

"लायटर पेटवतील."

शेडच्या दिव्याची आणि प्लगची लाइन एकच आहे. वेगळी करा, मी एका संध्याकाळी करून देते, असं मी किती वेळा म्हटलंय. तेव्हा हसले सगळे. आता कोणी हसत नव्हतं.

सासूबाई पुढे आल्या. "लायटर? त्यांच्याकडे लायटर कशाला असेल? त्यांनी सोडलीय. माझ्या डोक्यावर हात ठेवून सोडलीय."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"अगं, काय विचारतेय मी?"

"आई, ते आत्ता ओढतायत. आत."

"खोटं बोलतेय ती!" दारामागून आवाज आला.

त्या आवाजाबरोबरच फटीतून धुराची एक बारीक रेघ बाहेर आली आणि सासूबाईंच्या अनवाणी पायांवरून गेली. त्यांनी तोंडाला पदर लावला. त्या रडणार की शिव्या देणार हे मला कळेना, आणि दोन्हीला वेळ नव्हता.

"बाबा!" दीर ओरडला. "सिगारेट विझवा!"

"कसली सिगारेट?"

"अहो बाबा, धूर दिसतोय!"

"तुझ्या बायकोनं काहीतरी जाळलं असेल." दिराचं लग्न झालेलं नाही. गडबडले की सासरे जगातल्या सगळ्या बायकांना एकत्र करतात.

मागची खिडकी हाच एक रस्ता होता. ती शेडच्या दुसऱ्या टोकाला, बॅटरीपासून सगळ्यात लांब. फळी काढली की उजेड आत, गॅस बाहेर. मग मेन खाली करायला हरकत नव्हती. मी दिराला तसं सांगितलं. तो धावत जाऊन पहार घेऊन आला.

"पहार ठेवा."

"एका घावात फोडतो!"

"पत्र्याच्या भिंतीवर पहार घालणार? पत्र्यावरून ठिणग्या कधी बघितल्या नाहीत का? ती ठेवा आधी. फळीला स्क्रू आहेत, आणि तेही बाहेरून."

चोरांना आत येता येऊ नये म्हणून दिरानं ती फळी लावली होती. स्क्रू बाहेरून मारले होते. चोर आला असता तर त्याला फक्त एक स्क्रू ड्रायव्हर लागला असता आणि थोडा वेळ. माझ्या आयुष्यात दिराच्या मूर्खपणाचे आभार मानायची ती पहिली वेळ.

"तुम्ही मेनजवळ जा. खटक्यावर हात ठेवून उभे राहा. मी 'ओढा' म्हटल्याशिवाय ओढायचा नाही. काही झालं तरी नाही."

"आणि तुम्ही म्हटलंच नाही तर?"

"तर आईंना घेऊन पळा."

तो गेला. सासूबाई दारापासून हलल्या नाहीत. मी त्यांना दंड धरून बाजूला केलं, ओट्याच्या कोपऱ्यावर बसवलं. सून सासूला असं ढकलते हे त्यांना आवडलं नाही, त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. असू दे.

स्क्रू ड्रायव्हर माझ्या गाउनच्या खिशातच होता. लोक हसतात त्याला. मी शेडला वळसा घालून मागे गेले. तिथे गवत कमरेएवढं, आणि फळी माझ्या तोंडासमोर. पहिला स्क्रू सरळ निघाला. फळीला चिकटून मी हळू बोलायला लागले. ओरडले असते तर सासऱ्यांनी ओरडूनच उत्तर दिलं असतं, आणि ते ओरडताना हातवारे करतात.

"बाबा, मी मागच्या खिडकीशी आहे. नवा चार्जर आहे ना, त्याचे खटके उलटे आहेत. पहिला बारा आहे."

आत फक्त खदखद.

"ऐकलंत का?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"नाही सांगितलं."

"का नाही सांगितलं?"

"चूक झाली. आता इकडे या. मागच्या भिंतीशी. हळू."

"मी क्लिप काढून टाकतो. एका मिनिटाचं काम."

"बाबा, हात लावू नका!"

"मला शिकवतेस? आधी करंट बंद, मग क्लिप. हे मी तुझ्या नवऱ्याला शिकवलंय, तुझ्या जन्माच्या आधी मला माहीत होतं."

"मग करंट बंद केलाय का?"

"नाही."

"मग क्लिप काढली की ठिणगी कुठे पडेल?"

"बॅटरीवर," ते म्हणाले. आवाज खाली गेला होता. "झाकणावर."

"तुम्हाला सगळं माहीत आहे. म्हणूनच म्हणतेय, हात लावू नका."

दुसरा स्क्रू गंजलेला होता. मी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून अंगाचा भार टाकला. तळहाताची साल निघाली. स्क्रू किर्र करत वळला. खदखदीत आता मधूनच एक हिसका यायचा, थुंकल्यासारखा. झाकणांतून ॲसिड बाहेर उडत होतं. ते स्टुलावर, जमिनीवर सांडत असणार. चपलेतल्या म्हाताऱ्या पायांना ते कळणार नाही, चटका बसल्याशिवाय.

"बाबा, निघालात का?"

उत्तर आलं ते माझ्या प्रश्नाचं नव्हतं.

"ती आहे का तिकडे? तुझी सासू?"

"त्या पुढे आहेत. ओट्यावर."

"आणि पोरगा?"

"मेनजवळ."

"म्हणजे मागे तू एकटीच आहेस."

"एकटीच."

मी तिसरा स्क्रू धरला होता. हात थांबले नाहीत, पण कान थांबले.

"मला दिसत नाही," सासरे म्हणाले.

"दिवा गेला का?" दिरानं ओढला की काय?

"दिवा आहे. मला दिसत नाही. मधोमध काळं आहे. कडेकडेनं दिसतं. तुझं तोंड बघायचं तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं."

"कधीपासून?"

"आकडे दिसत नाहीत त्या चार्जरवरचे. खटका मोजला मी. एक."

हेडलाइटची वायर स्टार्टरला. लाल काळ्याला. कितीतरी संध्याकाळी मी त्यांच्या नावानं मनात बोटं मोडत ते उलगडलं होतं, डोकं गेलंय म्हाताऱ्याचं म्हणत. डोकं जागच्या जागी होतं. ते सगळं हातानं चाचपून, रंग न दिसता, अंदाजानं जोडत होते, आणि हे कळू नये म्हणून दार आतून लावत होते. सिगारेट नुसती वर ठेवलेली सबब होती. मला त्यांची दया यायला हवी होती. मला राग आला. एवढा राग आला की तिसरा स्क्रू एका झटक्यात निघाला. एक शब्द बोलला असता हा माणूस तर!

"बरं," मी म्हटलं. "तुमच्या डाव्या हाताला काय आहे?"

"व्हाइस."

"ती पकड घट्ट धरा. तिच्यापासून बाक सुरू होतो. बाकाची कड सोडू नका. बॅटरीचा आवाज पाठीवर ठेवा आणि या."

"मला माहीत आहे माझा बाक."

"माहीत आहे तर या. आणि सिगारेट कुठे आहे?"

"कसली सिगारेट?"

"बाबा, सगळ्यांना माहीत झालंय. कुठे आहे?"

"बोटांत."

"पेटलेली?"

"आता ओढत नाहीये."

"खाली टाकू नका. चपलेनं चिरडू नका. चहाचा कप आहे ना तिथे?"

"आहे. गार झालाय."

"त्यात बुडवा."

"चहात?"

"चहात."

एक बारीक चुर्र आवाज आला. त्या सगळ्या खदखदीतही मला तो ऐकू आला. इतका चांगला आवाज मी फार दिवसांत ऐकला नव्हता.

"बुडवली."

"लायटर?"

"खिशात."

"तो खिशातच राहू दे. तुमचे दोन्ही हात मला बाकावर हवेत."

ते निघाले. बाकावरून तळहात घासत येत होता. एक पाऊल, मग थांबा. एक पाऊल. मी चौथा स्क्रू धरला आणि त्याची खाचच गेलेली. स्क्रू ड्रायव्हर नुसता फिरत होता. दिरानं तो हातोडीनं ठोकला असणार, कारण स्क्रू वळवायचा कंटाळा. मी मनात त्याला जे काही म्हटलं ते इथे नको.

तेवढ्यात आत काहीतरी पडलं.

लोखंडाचं, जड. बाकावरून जमिनीवर. खण्ण.

मी डोळे मिटले. काहीच झालं नाही. मी डोळे उघडले तरी काही झालं नाही.

"पान्हा पडला," सासरे म्हणाले. "मोठा. कोणी ठेवला हा कडेला?"

"तुम्हीच ठेवला असेल."

"मी नाही ठेवत कडेला."

"वहिनी!" पुढून दिराचा आवाज आला. "काय पडलं? ओढू का?"

"नाही! नाही ओढायचा!"

"मी ओढतो!"

"भावजी, तुमच्या आईची शपथ आहे!"

खटक्याचा आवाज आला नाही. सासूबाई काहीतरी म्हणाल्या असाव्यात, पुढून त्यांचा एक हुंकार आला आणि दीर गप्प झाला.

चौथ्या स्क्रूचा नाद मी सोडला. तीन निघाले होते. मी फळीच्या खालच्या कडेत बोटं घातली आणि जोर लावून ती बाजूला फिरवली. एका स्क्रूवर लोंबकळत ती खाली झुलली, आणि कोंदट, आंबट, गरम हवेचा लोट माझ्या तोंडावर आला. डोळ्यांतून पाणी आलं. खोकला आवरेना. पण उजेड आत गेला. बाक दिसला, चाकाविना उभा ट्रॅक्टर दिसला, आणि त्याच्या अलीकडे, हाताच्या अंतरावर, सासरे. दोन्ही हात बाकावर, पोरासारखे. ते माझ्या डाव्या कानाकडे बघत होते.

"उजेड आला का?" त्यांनी विचारलं.

"आला."

"मग सांग त्याला."

"ओढा!" मी ओरडले.

पुढे खटका पडला. आतला दिवा गेला. चार्जरची गुणगुण तुटली. बॅटरीची खदखद मात्र लगेच थांबली नाही. गरम झालेली बॅटरी करंट गेला तरी काही वेळ उकळत राहते. म्हणून दाराकडे कुणालाही जाऊ द्यायचं नव्हतं. खिडकीतूनच त्यांना बाहेर काढायचं होतं.

ते सोपं नव्हतं. सासरे जाड आहेत आणि मानी आहेत. दीर आला, त्यानं काखेत हात घातले, मी कमरेचा पट्टा धरला. पोट चौकटीत अडकलं.

"श्वास सोडा बाबा."

"सोडला तर मरेन."

"थोडासा सोडा हो!"

"ओढ ना गधड्या, गप्पा काय मारतोस!"

एका चपलेसकट ते बाहेर आले आणि गवतात आमच्या दोघांच्या अंगावर पडले. दुसरी चप्पल आतच राहिली. दिराच्या शर्टाचं उरलेलं बटणही गेलं. सासूबाई शेडला वळसा घालून आल्या तेव्हा त्यांचा नवरा गवतात उताणा पडला होता, सून आणि मुलगा खोकत होते. त्यांनी आधी नवऱ्याचे हातपाय बघितले, मग कपाळ चाचपलं, आणि सगळं शाबूत आहे असं बघून मगच तोंड उघडलं.

"माझ्या डोक्यावर हात ठेवून!"

सासरे उठून बसले.

"माझ्या डोक्यावर! मी मेले असते तर?"

"तू कशी मेली असतीस? आत मी होतो."

"तोंड वर करून बोलताय? रोज ओढता? रोज?"

त्यांना काहीतरी उत्तर हवं होतं. खिडकीतून पोत्यासारखं ओढून काढलेल्या माणसाला उत्तर हवंच असतं. त्यांनी बोट उचललं आणि माझ्याकडे रोखलं. थोडंसं चुकलं ते, माझ्या खांद्याकडे गेलं.

"सिगारेटचं काय घेऊन बसलीस? हिला विचार. चार्जर बदलला, खटके उलटे, आणि मला चकार शब्द सांगितला नाही. मी आत, आणि ही बाहेर कपडे वाळत घालतेय. जीव गेला असता माझा."

मी दिराकडे बघितलं. तो गवताकडे बघत होता. मी त्याला वेळ दिला. भरपूर दिला.

"तसं वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही बाबांना सांगायला हवं होतं."

या घरात मी पुष्कळ ऐकून घेतलंय. नासलेली कॉइल माझ्यामुळे, परत आलेलं गिऱ्हाईक माझ्यामुळे, आणि चालू झालेला ट्रॅक्टर बाबांमुळे. हेही ऐकून घेतलं असतं. दिराला मी नंतर एकट्यात गाठलं असतं आणि असं सोललं असतं की पुन्हा चार्जर विकत घेताना त्याला माझी आठवण आली असती. पण सासरे पुढे बोलले.

"असू दे आता. कळलं ना मला? उद्या दुसऱ्या खटक्यावर लावतो. बाईंचा ट्रॅक्टर माझ्याच हातानं चालू होणार."

उद्या.

"उद्या तुम्ही आत जायचं नाही," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?"

"मी."

"तू कोण?"

"बाबा, सांगा यांना. नाहीतर मी सांगते."

त्यांचा चेहरा बदलला. बोट खाली आलं. "गप्प बस," ते म्हणाले, पण हुकमासारखं नाही. विनवणीसारखं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आज मागत होते, आणि तेच मला देता येत नव्हतं. मी गप्प बसले असते तर तेही मला सून म्हणून जवळ करायला लागले असते कदाचित. आणि कधीतरी दुपारी तिसऱ्याच कुठल्यातरी चुकीनं त्या शेडचा पत्रा उडाला असता.

"त्यांना दिसत नाही," मी म्हटलं. "मधोमध काळं आहे. कडेचं दिसतं फक्त. चार्जरवरचे आकडे दिसत नाहीत, वायरीचे रंग दिसत नाहीत. डोकं ठीक आहे त्यांचं. डोळे गेलेत."

दीर हसला. घाबरून हसला. "काहीतरीच काय वहिनी."

सासूबाई हसल्या नाहीत. त्या नवऱ्यासमोर गवतात गुडघ्यावर बसल्या, अगदी समोर.

"माझ्याकडे बघा."

"बघतोय की."

"माझ्याकडे बघा म्हणतेय."

"अगं बघतोय!"

ते त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघत होते.

सासूबाईंनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आपल्याकडे वळवला, आणि तो वळवला तशी त्यांची नजर पुन्हा बाजूला सरकली. त्यांनी हात काढून घेतले. मग उठल्या आणि घरात गेल्या. दीर त्यांच्या मागे गेला. जाताना माझ्याकडे असा बघून गेला जणू डोळे मीच काढून घेतले होते.

आम्ही दोघंच उरलो. फळी एका स्क्रूवर हलत होती.

"तुला म्हणून सांगितलं होतं," सासरे म्हणाले.

"हो."

"त्यांना नाही."

"हो."

"शेड माझी आहे."

"तुमचीच आहे. पण एकट्यानं आत पाऊल टाकायचं नाही."

"मग मी दिवसभर काय करू?"

मला काहीतरी चांगलं सुचायला हवं होतं. तुम्ही बसून सांगा, मी करते, असलं काहीतरी. पण ते खोटं झालं असतं. मला सांगायला कोणी नको होतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी दुसरं काही म्हटलं असतं तर बहुतेक शिवी दिली असती. आत अजून बुडबुडे फुटत होते, आता सावकाश, लांब लांब. ते थांबून हवा मोकळी झाल्याशिवाय आत जायचं नव्हतं, म्हणून मीही गवतात बसले. साल गेलेला तळहात झोंबत होता.

"थोरला कधी येतोय?" त्यांनी विचारलं. थोरला म्हणजे माझा नवरा.

"येईल संध्याकाळपर्यंत. ट्रॅक्टर पोचवायला गेलेत."

"त्याला मी सांगेन. डोळ्यांचं. तू मधे तोंड घालायचं नाहीस."

"नाही घालणार."

"नक्की?"

"जेवायच्या वेळेपर्यंत," मी म्हटलं. "तोवर नाही सांगितलंत तर मी सांगेन."